हॅवलॉकला सात रात्री एकाच गावात : स्कूबा, कानातले दडे आणि मोहरीतला मासा

तळजाई

परवा रात्री पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरले. बॅगेतल्या कपड्यांना अजून खारट वास आहे, धुवायला टाकावंसं वाटत नाही. विसरायच्या आत लिहिते, कारण जाण्याआधी मी खूप शोधलं होतं आणि माझ्या वयाच्या बाईने लिहिलेलं काहीच हाती लागलं नव्हतं.

मी ५३ वर्षांची. पोहायला सासवडजवळ मामाच्या विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून. समुद्रात मात्र कमरेच्या वर कधी गेले नव्हते. गेल्या वर्षी लेकीचं लग्न झालं. घर एकदम शांत झालं, तेव्हा नवऱ्याला म्हटलं, पाण्याखाली काय असतं ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. तो पाण्यात उतरणार नाही हे ठाऊक होतं, पण मासे खायला तो कुठेही येतो. मग अंदमानातलं हॅवलॉक ठरलं. २०१८ पासून नाव स्वराज द्वीप आहे, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय. तिथली बरीच माणसं बोलताना जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच लिहिते.

इथल्या एका टूरवाल्याने आधी एक कागद हातात दिला होता. पाच रात्री, तीन बेटं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दहा 'स्कूबा', म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं. तो कागद आम्ही परत केला. एक रात्र पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलसाठी. उरलेल्या सातही रात्री हॅवलॉकला, एका बंगाली कुटुंबाच्या घरी, गोविंदनगरच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. या निर्णयामुळेच पुढचं सगळं घडलं, म्हणून आधी सांगितलं.

मी 'ओपन वॉटर'चा, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पायरीचा कोर्स घेतला होता. त्यात आधी थोडा अभ्यास, मग उथळ पाण्यात सराव, आणि शेवटी समुद्रात चार डुबक्या. पहिल्या दोन जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत, पुढच्या दोन १८ मीटरपर्यंत. शिवाय २०० मीटर पोहून दाखवायचं आणि दहा मिनिटं तरंगून. तरंगणं मला विहिरीने शिकवलं होतं, तिथे काही अडलं नाही. मास्कमध्ये पाणी भरून घेऊन ते नाकाने फुंकून काढायचं, तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून टाकीतली हवा घेतो तो) काढून पुन्हा लावायचा, हेही जमलं. अडलं ते कानाशी.

पहिल्याच दिवशी तीन मीटरवर उजव्या कानात कळ आली. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं, तसं केलं, तरी कान मोकळा होईना. आमची शिक्षिका पंचविशीतली मुलगी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ वर आणलं. बोटीत बसल्यावर म्हणाली, "आज नाही. उद्याही नाही. परवा बघू." मला विमानातल्या गारठ्याने थोडी सर्दी झाली होती. मी ती तिला सांगितली नव्हती, कारण सांगितली तर पाण्यात उतरू देणार नाही असं वाटलं. ही माझी मोठी चूक. कुणी करू नका.

तिने एक गोष्ट समजावली. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. रात्री बसून मी आपल्याकडचा हिशोब केला. सिंहगडावरून पुण्यात उतरताना आपण साधारण साडेसातशे मीटर खाली येतो, आणि कानात दडे बसतात ते तेवढ्यावर. पण त्या उतारात हवेचा दाब जेवढा वाढतो, त्याहून जास्त तो समुद्रात फक्त एक मीटर खाली गेल्यावर वाढतो! म्हणजे मी तीन मीटर गेले तेव्हा माझ्या कानाने तीन सिंहगड एका दमात उतरले होते. म्हणूनच दुखायची वाट बघायची नसते. पाण्यात डोकं गेल्यापासून प्रत्येक हातभर अंतरावर कान मोकळे करत जायचं, आणि अडला तर थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा.

पुढचे दोन दिवस मी जमिनीवर होते. त्या टूरवाल्याच्या कागदाप्रमाणे गेले असते तर माझं स्कूबा तिथेच संपलं असतं.

खाण्याचं आता लिहिते, कारण ते त्या दोन दिवसांचंच.

हॅवलॉकची वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. १९५० च्या दशकात सरकारने त्यांना इथे जमिनी दिल्या. गावांची नावं ऐका : गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. घरातल्या मावशींचे सासरे जंगल तोडून इथे पहिली भातशेती करणाऱ्यांतले. आता मागे सुपारी आणि नारळ आहेत, आणि परसात केळी. रिसॉर्टच्या जेवणात यातलं काही दिसणार नाही, तिथे पनीर बटर मसाला आणि 'ग्रिल्ड फिश' असतं. मावशींच्या घरी पहिल्या दिवशी आलं केळफूल.

केळफूल कोकणातल्या लोकांना नवीन नाही, मलाही नव्हतं. हाताला तेल लावून आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. प्रत्येक फुलातला तो ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, ही किचकट कामगिरी दोन्हीकडे सारखीच. आपण रात्रभर ताकात भिजवतो, मावशी मिठाहळदीच्या पाण्यात उकडून घेतात. मग बटाटा, जिरं, तेजपान, ओलं खोबरं, चिमूटभर साखर, आणि घरात असली तर बारीक कोळंबी. याला मोचार घंटो म्हणतात. ती साखर मला लगेच ओळखीची वाटली, आपल्या भाजीत गूळ पडतो तशी.

दुसऱ्या दिवशी मोहरीतली सुरमई. मोहरी वाटायला घेतली तेव्हा मी म्हटलं, अहो, आमच्याकडेही मोहरी फेसतात! केळ्याच्या रायत्यात, लोणच्यात. त्यांनी माझ्या हाताने फेसून घेतली. सुरमईच्या तुकड्यांना ते वाटण, कच्चं मोहरीचं तेल, हिरवी मिरची लावून केळीच्या पानात बांधलं आणि वाफवलं. पान उघडताना नाकात जो झणका जातो, त्यानेच माझं चोंदलेलं नाक निम्मं उघडलं असेल. नवऱ्याने तीन पानं संपवली. तो आजवर मासा म्हणजे तिरफळ-कोकमाचाच असं मानत होता.

चौथ्या दिवशी पुन्हा पाण्यात गेले. या वेळी दोर धरून, पाय खाली, हळूहळू. कान उघडले. पाचव्या आणि सहाव्या दिवशी चारही डुबक्या झाल्या. पहिली नेमो रीफवर, शेवटच्या दोन लाइटहाऊसच्या बाजूला.

काय दिसलं? मनगटावर चतुःशृंगीचा लाल दोरा होता, तो पंधरा मीटरवर काळपट दिसत होता. पाणी आधी लाल रंग गिळतं, निळा शेवटी. टॉर्चचा उजेड टाकला की तोच दोरा परत लालभडक. समुद्रफुलात राहणारे केशरी-पांढरे क्लाऊनफिश दिसले. त्यांच्यात सगळे नर म्हणून जन्मतात, आणि घरातली मादी गेली की सर्वांत मोठा नर मादी होतो. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, तो कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. ते प्रवाळावरचं शेवाळ खातात आणि गिळलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो तिच्यातली बरीच त्यांनी केलेली. आणि एका खडकापाशी एक मोठा मासा तोंड उघडून स्थिर उभा होता, आत बोटाएवढे मासे त्याचे दात साफ करत होते. मी तिथून हलायला तयार नव्हते.

सवयीने मी 'छान आहे' म्हणून अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. शिक्षिका लगेच वर निघायची तयारी करू लागली. 'ठीक' म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं, हे जमिनीवर असतानाच हाताला शिकवा.

सातव्या दिवशी मुद्दाम डुबकी घेतली नाही. शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. तो दिवस राधानगरच्या किनाऱ्यावर बसून काढला. साडेपाचलाच सूर्य गेला. घड्याळ आपलंच, पण बेट पुण्याच्या पूर्वेला एकोणीस अंश, त्यामुळे दिवस तासभर आधी सुरू होतो आणि आधी संपतो. पहाटे पावणेसहाला उजाडलेलं असायचं. डुबकीच्या बोटी म्हणूनच लवकर निघतात.

प्रश्न असतील तर विचारा.

चौथा_मजला

सुंदर लिहिलंय, पण एक विरोध नोंदवतो. हिंजवडीत नोकरी, बायको बँकेत. दोघांची मिळून सलग नऊ दिवस रजा मिळत नाही. पाच रात्रींचा कागद आमच्यासारख्यांसाठीच असतो. शिवाय तुम्ही शेजारचं नील बेट पाहिलंच नाही. आम्ही तिथे भाड्याच्या सायकलींवर एक अख्खा दिवस भाताच्या खाचरांमधून फिरलो. त्या सहलीतलं सगळ्यात आठवणारं तेच आहे.

तळजाई

@चौथा_मजला, रजेची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण पाचच रात्री असतील तर मी अजूनही सांगेन की एक बेट निवडा. नील आवडलं ना, मग चार रात्री नीलच. प्रत्येक बोटीत अर्धा दिवस जातो : सामान बांधा, धक्क्यावर तासभर आधी पोहोचा, उतरा, खोली शोधा. आणि मुख्य म्हणजे डुबकी पहिल्या एक-दोन दिवसांत ठेवा, शेवटी नको. कान, हवा, लाटा, काहीही आडवं आलं तर हातात दिवस राहतो, आणि विमानाआधीचं अंतरही आपोआप सांभाळलं जातं.

चौथा_मजला

डुबकी आधी ठेवायची, हे पटलं. नील सोडायचं, हे नाही पटलं :)

कसबा_पेठ

ताई, माझं वय ६२. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. रोज सहा वाजता टिळक तलावावर पोहतो, चाळीस वर्षं झाली. मुलगा म्हणतो, बाबा आता हे नको. तुमचं काय मत?

घसातज्ज्ञ

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, कर्वेनगरला. मूळ लेखातल्या दोन गोष्टींवर लिहायचं होतंच, काकांनाही उत्तर देतो.

काका, वय हा स्वतःहून अडसर नाही. कुठल्याही केंद्रावर एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. हृदयविकार, दमा, फिट येणं, फुप्फुसाचा जुना आजार, छातीची शस्त्रक्रिया, यांपैकी कशालाही 'हो' असेल तर डॉक्टरचं पत्र लागतं. ४५ च्या पुढच्यांसाठी काही प्रश्न वेगळे आहेत. रक्तदाब आटोक्यात असला तरी तुम्ही इथूनच तपासणी करून, स्ट्रेस टेस्ट करून पत्र घेऊन जा. तिथे गेल्यावर ऐनवेळी डॉक्टर शोधणं अवघड. आणि फॉर्मवर खरं लिहा. पाण्यात उतरू द्यावं म्हणून खोटं लिहिणारे पेशंट मी पाहतो, ते नंतर कानाचा पडदा दाखवायला येतात.

आता सर्दीबद्दल. नाक आणि मधला कान यांना जोडणारी नळी सर्दीत सुजते, म्हणून हवा आत जात नाही. लोक यावर उपाय म्हणून नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरतात. धोका असा की खाली असतानाच गोळीचा असर उतरला, तर वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडत नाही. खाली जाताना दुखलं तर वर येता येतं, पण वर येताना दुखलं तर हवा संपायच्या आत यावंच लागतं. त्या मुलीने तुम्हाला दोन दिवस बसवून ठेवलं, ती उत्तम शिक्षिका आहे. जोरात फुंकू नका, हेही सांगतो. गाल फुगेपर्यंत फुंकण्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. गिळणं, जबडा हलवणं, यानेही पुष्कळांचा कान उघडतो.

कसबा_पेठ

आभारी आहे डॉक्टर. हे मुलाला वाचून दाखवतो. तपासणीची वेळ घेतली आहे.

बांगडा

मी मूळचा मालवणचा, धनकवडीत वीस वर्षं. पुण्यातल्या बऱ्याच जणांची पहिली डुबकी मालवण-तारकर्लीला होते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाच-सात मीटरवर. ती डुबकी म्हणजे कोणीतरी मागून धरून फिरवून आणतो, फोटो काढतो. वाईट नाही, पण ती कोर्स नव्हे, आणि काही एजंट 'सर्टिफिकेट मिळेल' सांगून विकतात, तो कागद पुढे कुठे चालत नाही. आमच्या पाण्यात गाळही असतो. डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ मिळालं तर नशीब. तरी मी म्हणेन, अंदमानचा खर्च करण्याआधी मालवणला एकदा तोंडात रेग्युलेटर धरून बघा. घाबरायला होतं की नाही ते कळतं.

दुसरं, विमानाचं लिहिलंत, पण घाटाचं कोणी बोलत नाही. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा गोव्याला दोन-तीन खोल डुबक्या मारून लोक त्याच संध्याकाळी गाडी काढतात. आंबोली जवळजवळ ७०० मीटरवर आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ हवा, आणि वर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. विमानाला जो नियम तोच घाटाला धरा. रात्री खालीच मुक्काम करा, सकाळी उशिरा निघा.

आता माझा प्रश्न. पाण्यात एवढे मासे जिवंत पाहिल्यावर ताटातला मासा गेला कसा घशाखाली?

तळजाई

@बांगडा, घाटाचं मला सुचलंच नव्हतं, फार उपयोगी.

तुमचा प्रश्न मलाही पडला होता. पहिल्या डुबकीनंतर दुपारी ताट समोर आलं आणि मी थांबले. मावशींना विचारलं, हा कुठला? म्हणाल्या, बाहेरच्या समुद्रातली सुरमई. मग शिक्षिकेशी बोलले. मला जे कळलं ते असं : सुरमई, कुपा हे मोकळ्या पाण्यातले, भराभर फिरणारे. प्रवाळावर राहणारे हेकरू आणि तांबोशी सावकाश वाढतात. हेकरूतले बरेच मादी म्हणून जन्मतात आणि मोठे झाल्यावर नर होतात, म्हणजे सगळे मोठे पकडले की नरच उरत नाहीत. आणि पोपटमासा गेला की प्रवाळावर शेवाळ चढतं. अंदमानच्या प्रवाळाने २०१० मध्ये पाणी तापल्यामुळे मोठा फटका खाल्लाय, शेवाळ खरवडणारे मासे तिथे हवेतच. तेव्हापासून मी सुरमई आणि कुपा खाते, खडकातले मासे नाही. नवऱ्यालाही पटलं, पण बाजारात हेकरू दिसला की त्याचं मन अजून घुटमळतं.

प्रवाळाचा तुकडाही घरी आणू नका, मेलेला किनाऱ्यावर पडलेला असला तरी. कायद्याने बंदी आहे, आणि विमानतळावर सामान तपासतात.

बांगडा

हेकरूचं पटलं. आमच्याकडे पूर्वी हेकरू केवढाले यायचे, आता हातभर आला तरी लोक बघायला जमतात. आई आजही त्याची आठवण काढते.

वरणफळ

आम्ही पूर्ण शाकाहारी, मुलगी ११ वर्षांची. तिला उतरता येईल का? आणि उपाशी राहावं लागेल का?

तळजाई

मुलीला १० वर्षं पूर्ण आहेत, म्हणजे वयाची अट बसते. पण तिला स्वतःला हवंय का ते विचारा, तुमच्या हौसेसाठी नको. आमच्या बोटीत एक मुलगा रडत होता आणि वडील ओरडत होते, मला फार वाईट वाटलं. नाहीतर एलिफंट बीचला नळी लावून वरून पोहत बघता येतं, तेही पुष्कळ आहे.

जेवणाची चिंताच नको. बंगाली घरात शाकाहाराचा मोठा पसारा असतो. सुरुवातीला शुक्तो, कारली आणि पाच-सहा भाज्यांचा, किंचित कडवट. खसखशीतला बटाटा. मयाळूची भाजी, आपण जिची भजी करतो ती, भोपळ्याबरोबर. फोडणीत मेथी, जिरं, बडीशेप, कलौंजी, मोहरी, पाचही अख्खे. फक्त आधी स्पष्ट सांगा की कोळंबीही नको आणि माशाचं डोकंही नको, कारण मयाळूत आणि डाळीत ते चवीसाठी घालायची पद्धत आहे. बाजारात तमिळ लोकांच्या इडली-डोशाच्या टपऱ्याही आहेत.

संध्याकाळी वाळूत पाय झाकून बसा, बारीक वाळूमाश्या चावतात आणि आठवडाभर खाज जात नाही. मगरींसाठी पाट्या लावलेल्या असतात, त्या जागी पाण्यात जाऊ नका.

वरणफळ

मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते, दातं साफ करणारे मासे बघायचेत, उतरणारच. पोहण्याच्या क्लासला नाव घातलं. आणि मोहरीचं वाटण नीट लिहा ना, भाजीला लावता येईल का?

तळजाई

येईल. मावशी लाल भोपळ्याला लावायच्या. दोन चमचे काळी मोहरी, दोन चमचे पिवळी, कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, ते पाणी ओतून द्या. मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या घालून वाटा. हवं तर चमचाभर ओलं खोबरं. भोपळ्याच्या फोडी, हे वाटण, हळद, दोन चमचे मोहरीचं तेल, सगळं केळीच्या पानात बांधून वाफवा, भोपळा शिजेपर्यंत.

वरणफळ

काल केलं. कडू झालं. मुलीने बाजूला सारलं. काय चुकलं?

तळजाई

मिक्सर फार वेळ फिरवलात का? मोहरी जास्त वाटली आणि भांडं तापलं की कडवटपणा येतो. मीठ आणि मिरची अगदी सुरुवातीलाच घाला, थांबत थांबत फिरवा, पाणी गार घ्या. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच. आणि काळी मोहरी एकच चमचा घ्या पहिल्यांदा, पिवळी तीन.

वरणफळ

सासूबाईंचा पाटा माळ्यावर आहे. रविवारी काढते.